बारवेच्या कासवांचं ऊन

३ मार्च १९८६, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव आणि नवी वही, तिन्ही एकाच दिवशी. वही आमच्या जाईबाईनं आमच्या ईट गावच्या स्टँडवर पिशवीत कोंबली. म्हणाली, तिकडं रोज संध्याकाळी कुणाचं डोकं खाणार? ह्या वहीचं खा. बायको टोमणा मारते तेव्हा तिला काळजी असते, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

मी मोटार वायंडिंगवाला. शाळा चौथीत सुटली, पण कान देवानं असे दिलेत की विहिरीच्या काठावर उभं राहून आतली मोटार कशानं कण्हतेय ते सांगतो. त्या कानावर दुकान उभं केलं, घर बांधलं. पण आता दोन वर्षं पाऊस नाही. विहिरी कोरड्या, त्यामुळं मोटारी बंद. बंद मोटार जळणार कशी आणि माझ्याकडं येणार कशी? म्हणून पन्नाशीला टेकल्यावर नोकरी.

अणदूरच्या फाट्यावर उतरलो तर शरणबसप्पा अण्णा स्वतः बैलगाडी घेऊन आलेले. नंदीबारव गावच्या तेलगिरणी सोसायटीचे हे चेअरमन. पांढराशुभ्र फेटा, कपाळाला विभूती, बोलताना निम्मं कानडी. वाटेत त्यांनी विचारलं, सापा-किरड्याला भिता का हो? मी म्हणालो, भागीदाराला भितो, बाकी कशाला नाही. अण्णा असे हसले की बैल दचकले.

मग म्हणाले, मोटारी नाहीत श्रीपतराव, कासवं सांभाळायचीत. आता हसायची पाळी माझी होती.

४ मार्च, मंगळवार

काम समजून घेतलं. गावाच्या मधोमध दगडी बारव आहे. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, तळाला एके काळी पाणी. त्यात पिढ्यान् पिढ्या कासवं. दुष्काळात बारव आटली की कासवं छपराखाली आणून ठेवायची, आणि पाणी आलं की परत सोडायची, असा गावचा रिवाज. त्यात एक कडक अट. बारवेबाहेर असताना त्यांच्या डोक्यावर आभाळ येता कामा नये. आभाळ दिसलं की ती आपलं पाणी विसरतात, मग बारव भरली तरी तिच्यात राहत नाहीत. आणि जिच्यात कासव राहत नाही त्या बारवेचं पाणी गाव तोंडाला लावत नाही. सध्या नळदुर्गहून टँकर येतो. टँकरवरची भांडणं पाहिली तर बारवेची किंमत कळते.

गिरणी बंद आहे. पेंडीच्या गोदामात, खिडक्यांना पोती लावून, कमरेएवढ्या भिंतीचा सिमेंटचा हौद बांधलाय. अर्ध्यात वाळू, अर्ध्यात वीतभर पाणी. गेल्या वर्षी इथं अंधारात कासवांच्या पाठी मऊ पडायला लागल्या, भिजलेल्या चामड्यासारख्या. मग सोलापूरचे एक डॉक्टर मदतीला आले. मुडदूस झालेल्या पोरांना ते ज्या ट्यूबखाली ठेवतात, तसल्याच ट्यूबा त्यांनी मिळवून दिल्या. ऊब द्यायला साधा बल्ब असतोच, पण बल्बात ऊब असली तरी ऊन नसतं. उन्हातला डोळ्यांना न दिसणारा एक भाग असतो, तो ह्या ट्यूबेतून येतो आणि त्यानं हाडं धरतात. मधे काच नको, काच तो भाग अडवते. ट्यूब हातभर उंचीवर हवी. आणि डॉक्टरांनी अण्णांना बजावलंय की ट्यूब जळत असली तरी सहा महिन्यांनी बदला. दिसणारा उजेड तसाच राहतो, न दिसणारा आधीच संपतो.

बारव भरेपर्यंत कासवं जगली तर सोसायटीत कायमची नोकरी आणि राहायला खोली, असा अण्णांचा शब्द. जगली नाहीत तर मी ईटला परत, रिकाम्या दुकानात.

कासवं बघून मन रमलं. एक म्हातारी आहे, पाठीचा कोपरा उडालेली. तिचं नाव मी आत्या ठेवलं. तिची नजरही आमच्या आत्यासारखीच आहे, समोरच्यानं काय चुकवलंय ते शोधणारी.

९ मार्च, रविवार

कासवांना चारा-पाणी करायला रुद्रम्मा येते. पन्नाशीची, बारीक, तोंडानं फटकळ. माझ्या आधी हे काम तिचा नवरा ईरण्णा बघायचा. गिरणीचा वायरमन. दिवाळीच्या सुमारास वारला. कशानं, ते विचारलं तर म्हणाली (मलाही ती अण्णाच म्हणते), माणूस मरतो अण्णा, त्याला काय कारखान्याचा परवाना लागतो?

आज ती माझ्यावर उखडली. ट्यूब बदला म्हणे. मी बघितलं तर ट्यूब ठणठणीत. टोकं काळी पडलेली नाहीत, पट्टीवरच्या चोकचा घूं-घूं आवाज एका सुरात. ईरण्णा गेल्यावर अण्णांनी डॉक्टरांकडून नवी आणून लावलेली, अजून सहा महिने झालेले नाहीत. मी तिला म्हणालो, चालतं यंत्र उघडायचं नाही हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. ती म्हणाली, ते तुमच्या मोटारीला, ह्याला न्हाय. आणि दुपार झाली तशी पदर डोक्यावर घेऊन गोदामाबाहेर जाऊन बसली, दाराकडं पाठ करून. म्हणालो, उन्हात का बसता, आत या. तिनं पदर आणखी पुढं ओढला.

मी काही ट्यूब बदलली नाही. कपाटात मोजक्याच नव्या आहेत, त्या पुरवायच्यात.

१७ मार्च, सोमवार

एक गंमत लिहून ठेवतो. दुपारी कासवं पाण्यातून वर येतात आणि वाळूवर ऊन घेतात, म्हणजे ट्यूब घेतात. पण ट्यूबेच्या बरोबर खाली, जिथं सगळ्यात जास्त मिळेल, तिथं एकही बसत नाही. सगळी कडेनं बसतात, गोल करून, तोंडं आत. मधे जागा मोकळी. लांबट. साधारण एक माणूस आडवा होईल एवढी.

वाटलं, तिथली वाळू तापली असेल. हात लावून बघितला तर गार. अगदी पहाटेच्या वाळूसारखी गार. दोन्ही बाजूंची कोमट आणि मधली गार, ट्यूब मात्र डोक्यावर.

आत्याला उचलून मुद्दाम तिथं ठेवली. तिनं डोकं आत ओढलं आणि थोड्या वेळानं, म्हाताऱ्या बाईनं चालताना कुणाचा पाय तुडवला जाऊ नये म्हणून टाकावं तसं एकेक पाऊल टाकत बाजूला झाली.

२१ मार्च, शुक्रवार

आवाजाची गोष्ट. हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून वहीलाच.

मोटार रिकामी फिरते तेव्हा तिचा सूर वेगळा आणि पाणी ओढायला लागली की वेगळा. लोड आला की सूर खाली बसतो, जरासा घोगरा होतो. हे मी झोपेतही ओळखीन. ट्यूबेच्या चोकला असला लोड येत नाही. ट्यूब काय ओढणार?

पण इथं येतो. कासवं गोल करून बसली की थोड्या वेळानं चोकचा सूर खाली बसतो. तासभर तसाच राहतो. मग सुटतो. आणि सूर सुटला की मगच बाहेर रुद्रम्मा उठून घरी जाते. तिला आत काय चाललंय ते ऐकू येत नाही, तरी ती त्याच वेळी उठते.

ह्या ट्यूबेवर कुणीतरी लोड टाकलाय.

२६ मार्च, बुधवार

आत्याची पाठ दाबून बघितली. अंगठा दबला.

बाकीच्यांच्याही कडा मऊ झाल्यात. एका लहानग्याला मागचे पाय उचलता येत नाहीत, वाळूत नुसता ओढत जातो. म्हणजे डॉक्टरांचं खरं, आणि रुद्रम्माचंही. ट्यूब जळतेय, पण तिच्यात काही उरलं नाही. माझा धंद्याचा धडा इथं चालला नाही. नवी ट्यूब लावली. रुद्रम्मानं माझ्याकडं जे बघितलं त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

२९ मार्च, शनिवार

सोलापूरला जाऊन आलो. आधी विजेच्या सामानाच्या दुकानात ट्यूबांची चौकशी केली. दुकानदारानं गडद निळी ट्यूब पुढं केली. ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर लावतात ती. ह्यात पण तेच किरण आहेत काका, म्हणून माझ्याच धोतराचा सोगा तिच्याखाली धरला. जाईबाई धुण्यात पांढरेपणासाठी टिनोपाल घालते, सोगा निळापांढरा पेटून उठला. दुकानात गर्दी जमली. मी त्याला म्हणालो, नाच्याचं पातळ उजळतंय ते ठीक आहे, पण माझ्या कासवांना स्टेजवर नाचायचं नाही. घेतली नाही.

डॉक्टर म्हणाले, बरं केलंत. त्या निळ्या ट्यूबेनं हाडं धरत नाहीत. पण कापडाची युक्ती वाईट नाही. आपल्या ट्यूबेखाली तसलं कापड पसरा, जिथं उजळेल तिथं न दिसणारा उजेड पोचतोय असा अंदाज येईल. नवी लावलीत ना, मग महिन्याभरात पाठी धरतील, काळजी नको. चहा पाजला. माणूस मोठा गोड.

येताना एसटीत झोप चांगली लागली.

३ एप्रिल, गुरुवार

लहानगा गेला.

नवी ट्यूब डोक्यावर असताना गेला. त्याला हातात घेतलं तर शिजलेल्या वांग्यासारखा. अण्णा येऊन बघून गेले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, श्रीपतराव, बाकीची तरी टिकवा, माणसं बारवेकडं बघून धीर धरून आहेत.

चोकचा सूर आज सकाळपासूनच खाली बसलेला.

५ एप्रिल, शनिवार

दुपारी बल्ब बंद केला, कासवं पाण्याच्या बाजूला केली आणि टिनोपालचं धोतर वाळूवर पसरलं. उजळलं. कडेनं लख्ख, चांदण्यासारखं.

मधे उजळलं नाही.

मधे डाग. डोकं, खांदे, लांब धड. एक पाय सरळ, दुसरा गुडघ्यात मुडपलेला. डोळ्यांना तिथं काहीच नाही. नुसता ट्यूबेचा उजेड पडलाय, कापडाचा धागान् धागा दिसतोय. पण न दिसणारं जे काही वरून येतंय ते मधेच कुणीतरी अंगावर घेतंय.

कापडालाच डाग असेल म्हणून धोतर ओढून सरकवलं. धोतर सरकलं. डाग जिथल्या तिथं.

मी ओरडलो असणार, कारण रुद्रम्मा दारात आली. तिनं बघितलं. पाय कसा मुडपलाय ते बघितलं आणि तोंडात पदर कोंबला.

मग पायरीवर बसून तिनं सांगितलं. घाण्यात सापडून ईरण्णाचा तो गुडघा गेला होता, सरळ होत नव्हता. हाडं लई दुखायची. डॉक्टर पोरांची हाडं ह्या ट्यूबेनं बरी करतो हे ऐकलं आणि तो दुपारी कासवांत जाऊन निजायला लागला. आधी थोडा वेळ, मग तासन् तास. बरं वाटतंय म्हणायचा. पुढं पुढं घरी यायचाच बंद झाला. ती बोलवायला गेली की म्हणायचा, थांब गं, अजून भरलं न्हाय. तिथंच गेला. उचलला तेव्हा कासवं त्याच्याभोवती गोल बसली होती, आणि उचलल्यावरही उठली नाहीत.

मी म्हणालो, मग ट्यूब बदला म्हणून माझ्या मागं लागलात ती कासवांसाठी नाही तर. ती म्हणाली, अय्यो, कासवांचं काय घेऊन बसलात अण्णा! त्याला हितं मिळतंय तवर त्यो हितं हाय. मिळायचं बंद झालं तर उठंल की.

८ एप्रिल, मंगळवार

होल्डर हौदाच्या दुसऱ्या टोकाला नेला. कासवं तिकडं गेली, आनंदानं पसरली. मला वाटलं, जिंकलो.

दुपारी पुन्हा गोल. धोतर टाकून बघितलं, डागही तिथं.

१२ एप्रिल, शनिवार

पाडवा होऊन गेला, मला कळलाही नाही. आणखी एक ट्यूब गेली. सहा महिन्यांची म्हणतात, इथं तीन आठवडेही पुरली नाही. जळते तशीच, लख्ख. कापड मात्र सगळीकडं मळकं.

आता एकच नवी शिल्लक. डॉक्टरांना पत्र टाकलंय. आत्या खात नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

शेवटची लावली.

डाग आज आडवा नव्हता. खांदे उंच, डोकं पुढं. गुडघ्याभोवती हात. बसलाय. ट्यूबेच्या जवळ, जेवढं जाता येईल तेवढं जवळ —

ट्यूब वर उचलावी म्हटलं, धीर झाला नाही. हात त्याच्यातून घालावा लागला असता.

१९ एप्रिल, शनिवार

ट्यूब संपली. जळतेय.

धोतर वाळूवर टाकलं, काही नाही. सगळंच मळकं, मग डाग तरी कसा दिसणार? तो गेला की आहे, हे कळायची सोयच गेली. चोकचा सूर मात्र मोकळा. हलका. लोड उतरल्यासारखा.

म्हणजे उठला.

२१ एप्रिल, सोमवार

अण्णांना सांगितलं, आता एकच उपाय, कासवं उन्हात काढू. ते उभेच राहिले. म्हणाले, श्रीपतराव, दुसरं काहीही मागा. मी त्यांना आभाळ दाखवलं असं उद्या कुणी म्हटलं तर गाव मला बारवेत गाडेल. डॉक्टरांच्या ट्यूबा येतील, थांबा.

थांबू कसा? आत्या मान बाहेर काढत नाही. दोन कासवं पाण्यात उलटी तरंगत होती, काठीनं सरळ केली.

२३ एप्रिल, बुधवार

उद्या चैत्र पौर्णिमा. येडेश्वरीच्या यात्रेला अण्णा आणि निम्मा गाव आजच गाडीनं येरमाळ्याला गेला. उरलेले सकाळी टँकरच्या रांगेत असतात. गिरणीच्या मागं शेंगा वाळवायचं फरसबंद खळं आहे, चहूकडं उंच भिंत. कुणाला दिसणार नाही. सकाळी तासभर कोवळं ऊन, मग पुन्हा आत. आभाळ बघितलं हे कासवं काय कुणाला सांगणार आहेत?

रुद्रम्माला कळलं. पाया पडायला लागली. म्हणाली, गोदामात दार तरी हाय अण्णा. आभाळाखाली काढलंत तर त्याला कुठं कोंडणार?

मी म्हणालो, अहो, आभाळाखाली ऊन काय कमी आहे? सगळ्यांना पुरून उरेल. त्याचंही पोट भरेल एकदाचं. बोललो आणि मलाच पटलं. खरंच, साधी गोष्ट.

२४ एप्रिल, गुरुवार

टोपल्यांत घालून सगळी खळ्यावर आणली. काय सांगावं! आत्यानं मान अशी लांब काढली, मला ती एवढी लांब आहे हे माहीतच नव्हतं. डोळे मिटून, चारी पाय ताणून. उलटी तरंगत होती त्यातलं एक चालायला लागलं. भिंतीलगत पोत्यावर बसून लिहितोय. आज पहिल्यांदा बरं वाटतंय. आज जाईबाईला पत्र टाकीन, खोली बघायला ये म्हणून.

ऊन चढलंय. तासभर झाला असेल, पण ह्यांना उचलवत नाही.

जरा वेळानं. कासवं चालायला लागलीत. सगळी एकदम. सावलीकडं जातील वाटलं. माझ्याकडं येतायत.

पोत्याभोवती बसली. गोल. तोंडं आत.

फरशी तापलीय, त्यांच्या पलीकडं वाफ हलताना दिसते. मी पाय टेकवलाय तिथली गार.

वहीवर ऊन लख्ख. अक्षर वाचायला डोळे बारीक करावे लागतात. हाताकडं बघतो, हातावरही ऊन, केसन् केस दिसतोय. पण लागत नाही. जरासुद्धा नाही. काकडून बोटं वळेनात, अक्षर बघा कसं —

उठलो. दहा पावलं सरकलो. गोल सरकला. आत्या सगळ्यांत पुढं, आणि ती माझ्याकडं बघत नाही, माझ्या जरा वर बघतेय —

ईरण्णा, अरे एवढं आभाळ पडलंय, कुठंही नीज — माझ्याच अंगावर का —

रुद्रम्मा दारातून हाका मारतेय. माझं नाव घेत नाही. त्याचं घेतेय —

श्वास जड. छातीवर —

कासवं मागं सरतायत. देवा, जातायत का — नाही. एकेक पाऊल, हळू. गोल मोडत नाहीत. जागा वाढवतायत. दोघं आडवे होतील एवढी —